राजकुंवरबाईंचा लाल दोरा

राजकुंवरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात फरशीवर बसून मुंग्यांच्या रांगेभोवती खुर्च्या मांडत होत्या. दारात पाहुण्यांची बस उभी, माझ्या हातात खोल्यांच्या किल्ल्या, आणि ही सत्तरीची बाई मला सांगते, "भाऊ, पाहुण्यांना मागच्या दाराने आणा. ह्यांना जायला अजून जरा वेळ लागेल." माझा कामाचा तो पहिलाच दिवस. ऐकायचं कोणाचं ते कळेना. तेवढ्यात मालक अर्पित आला, त्याने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "दादीसा म्हणते तसं करा." बेचाळीस माणसं स्वयंपाकघरातून, पुष्पाबाईच्या उकळत्या कढईला वळसा घालून, आत आली.

मी अभिमन, धुळ्याच्या देवपुरातला. तीस वर्षं एका शाळेत कारकुनी केली. स्वभाव तापट. निवृत्त होऊन घरी बसलो असतो तर बायकोने आठवड्यात हाकललं असतं, म्हणून साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात अर्पितने काढलेल्या ह्या रिसॉर्टची मॅनेजरकी पत्करली. अर्पितचं घराणं मूळचं मारवाडातलं, पण चार पिढ्या पहूरला अडतीचं दुकान. आजोबा पारसमलशेठ गेल्यावर त्याने आजीला इथली हवा मानवेल म्हणून इकडे आणलं, आणि त्या इकडच्याच होऊन गेल्या.

आमच्याकडे रिकामा महिना नसतो. पावसाळ्यात धबधबा आणि चिखलातली कबड्डी, थंडीत हुरडा आणि पक्षी बघायच्या फेऱ्या, उन्हाळ्यात शहरातल्या मुलांचं शिबिर. आणि प्रत्येक कार्यक्रमाला दानधर्माची जोड. दौड असली तर अंध मुलांसाठी, हुरडा असला तर पाड्यांवर ब्लँकेटवाटप. माणसं तडस लागेपर्यंत जेवतात, झिपलाइनच्या तारेला लोंबकळून किंचाळतात आणि जाताना थोडं पुण्यही पदरात पाडून घेतात. पहिल्या वर्षी मी ह्याची यथेच्छ टिंगल केली. मग अंध शाळेच्या मुलांनी एकदा येऊन आम्हाला गाणी म्हणून दाखवली, तेव्हापासून तोंड जरा आवरतं घेतलं.

राजकुंवरबाई दोन वेळा गाळलेलं पाणी पीत, दिवस मावळायच्या आत जेवत, आणि पावसाळ्यात व्हरांड्यातले दिवे विझवायला लावत, कारण दिव्यावर किडे येऊन मरतात. पाहुणे अंधारात एकमेकांवर आदळत आणि तक्रार माझ्याकडे येई. पण बाई सोवळ्यातल्या, कोरड्या वगैरे अजिबात नव्हत्या. क्रिकेट बघताना त्या फलंदाजाला मारवाडीत असं काही बोलत की अर्पित टीव्हीचा आवाज वाढवी. बहात्तराव्या वर्षी त्यांनी झिपलाइनवर बसायचा हट्ट धरला. दोन दिवस कोणी ऐकेना म्हणून जेवणावर रुसल्या, शेवटी बसल्या, दरीवरून सरसर पलीकडे गेल्या आणि उतरल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते, "आता परत तिकडे कसं जायचं?"

त्यांना एकच धास्ती होती. लग्न होऊन पहूरला आल्या त्या वर्षी त्यांनी नकळत गरम पेज मोरीत ओतली आणि मोरीतली अख्खी वारूळभर मुंगी मेली. सासू नुसती बघत राहिली. ते बघणं बाईंच्या जिव्हारी बसलं होतं. मला एकदा म्हणाल्या, "अभिमनभाऊ, मला मोक्षबिक्ष काही मागायचा नाही. जाताना माझ्या हातावर कोणाचा जीव नको. एवढं झालं तरी खूप." आणि हे त्या मनापासून बोलत होत्या.

पारसमलशेठांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला त्यांनी अकरा मुनिया विकत घेऊन सोडल्या. पिंजऱ्यातला जीव सोडवणं हे त्यांच्याकडे जुनं पुण्यकर्म. मुनिया म्हणजे चिमणीहून बारकं पाखरू, मुठीत मावतं. गवतावर थवेच्या थवे उतरतात. त्या दिवशी रिसॉर्टवर आलेल्या पाहुण्यांनी ते पाहिलं, टाळ्या वाजवल्या, मुलांनी आम्हालाही सोडायचंय म्हणून भोकाड पसरलं. अर्पितच्या डोक्यात लगेच दिवा पेटला. सहा महिन्यांत दर रविवारी नाश्ता आणि झिपलाइनच्या मधे 'मुक्ती सोहळा' सुरू झाला. पाहुण्याने पांजरापोळीला, म्हाताऱ्या जनावरांच्या आश्रयाला, देणगी द्यायची, एक मुनिया हातात घ्यायची, आईच्या, बापाच्या, बाळाच्या नावाने सोडायची. देणगी खरोखर पांजरापोळीला जायची, ह्यात खोट नाही. रानातलं पाखरू धरणं गुन्हा आहे हे मात्र मला ठाऊक होतं. मी एकदा अर्पितला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "आपण धरत कुठे, आपण तर सोडतो." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच होतं, कारण रविवारच्या गर्दीमुळे माझा रुबाब वाढला होता.

पाखरं आणायचा रुपचंद. साठीचा, काटकुळा, बोलण्यात गोड. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी ओल्या पोत्याने झाकलेले खोके लावून शनिवारी दुपारी येई. बाईंनी त्याला पहिल्याच महिन्यात जोखला. अडत्याच्या घरात पन्नास वर्षं काढलेली बाई. एकच माल दोनदा विकणारे तिने ढिगाने पाहिले होते. "हा इथे सोडलेलेच पक्षी परत धरून आणत असेल तर? मग कसली मुक्ती?" त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता उपायही काढला. पूजेचा लाल दोरा घ्यायचा, तो उसवून त्याची एक बारीक लड काढायची आणि सोडण्याआधी प्रत्येक पाखराच्या पायाला बांधायची. दोरा असलेलं पाखरू खोक्यात दिसलं की रुपचंदची लबाडी उघडी पडली. गाठ त्या स्वतः मारत. पोत्याच्या तोंडाला मारतात ती अडतीतली गाठ, ओढली की आवळत जाणारी, कधी न सुटणारी. पाहुण्यांना तो दोरा फार आवडला. ते त्याला राखी म्हणत आणि फोटो काढत.

तीन वर्षं गेली. एकदाही दोरा बांधलेलं पाखरू परत आलं नाही. दर शनिवारी बाई खोक्यात वाकून एकेकीचे पाय बघत आणि समाधानाने माझ्याकडे वळत. "पाहिलंत? एक नाही आली. सगळ्या सुटल्या." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी पाहिलंय, आणि मलाही आनंद व्हायचा. कोणाच्या तरी मनासारखं इतकं स्वच्छ होताना माणूस आयुष्यात फार वेळा बघत नाही.

गेल्या थंडीत अर्पितने पक्षी बघायच्या फेरीसाठी नवी पाऊलवाट काढायला सांगितली. आमचा वाटाड्या हिलाल, खालच्याच गावचा. पाखराचा आवाज आला की नाव सांगायचा, माणसाने चार प्रश्न विचारले तर एकाला उत्तर द्यायचा. तो कोयता घेऊन डोंगराच्या मागच्या उतारावर गेला. तिकडे बोरीची दाट काटेरी जाळी आहे, आम्ही बोराटी म्हणतो. तिकडे कोणी जात नाही. तासाभरात तो परत आला आणि ऑफिसच्या दारात नुसता उभा राहिला.

"काय रे?" मी म्हणालो.

"आबा, मन्हासंगे चाला."

"काय झालं ते सांग ना."

"तठे चाला. आठे सांगाई नही."

मी कुरकुरत गेलो. उतारावर पोचलो तेव्हा पहिल्यांदा मला फक्त बोरी दिसल्या. मग वाटलं, ही बोरं एवढी लाल कशी. मग वाऱ्याने ती बोरं हलली आणि त्यांना पंख होते.

मुनियाच होत्या त्या. पायाच्या दोऱ्याने काट्यांना अडकून उलट्या लोंबलेल्या. काही नुसती पिसं आणि हाडं, काही वाळलेल्या, काही कालपरवाच्या. एकेका फांदीला तीन-तीन, चार-चार. मुनिया रात्रीला काटेरी जाळीतच उतरतात, तिथे साप-ससाणा पोचत नाही म्हणून. उतरताना दोरा काट्यात गुंतायचा, ती ओढायची, गाठ आवळायची. मी तिथेच खाली बसलो. हिलालने मोजायला सुरुवात केली होती. मी ओरडलो, मोजू नको. त्याने सांगितलं की आत जाळीत अजून आहेत, तिथे हात पोचत नाही.

मला रडू आलं ते पाखरांसाठी नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. मला रडू आलं ते बाईंसाठी. 'एक नाही आली, सगळ्या सुटल्या.'

अर्पितला फोन लावला. तो म्हणाला, "कापून टाका सगळं. जाळून टाका. दादीसाला कळता कामा नये. कळलं तर ती जगायची नाही." रविवारी पांजरापोळीचा मोठा कार्यक्रम होता, एकशे आठ पाखरं सुटायची होती, जळगावहून, धुळ्याहून माणसं येणार होती. जाळी कार्यक्रमानंतर तोडायची, दोरा बंद करायचा, बाकी तसंच चालू द्यायचं, असं ठरलं. मीच ठरवलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई व्हरांड्यात दोऱ्याच्या लडी काढत बसलेल्या. मी म्हणालो, "बाई, ह्या वेळी दोरा नको. पाहुण्यांना आवडत नाही आजकाल."

"कोणाला नाही आवडत?"

"म्हणजे, तसं एक-दोघं म्हणाले."

"नाव सांगा."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक खोटं नाणं खपवतंय हे ओळखणारी नजर होती ती. अंगणात हिलाल पाण्याची पिंपं भरत होता. बाईंनी त्याला हाक मारली.

"हिलाल, दोऱ्याचं काय झालं?"

हिलाल माझ्याकडे बघेना, त्यांच्याकडेही बघेना. पिंप भरून वाहायला लागलं तरी तो तसाच उभा.

"बाई, मन्हाघाई लबाड बोलाई नही," तो शेवटी म्हणाला. "दोरानी पाखरं मरेल शेतस. बठ्ठा नही, पण भलता शेतस." सगळी नाही, पण पुष्कळ मेली होती.

मी त्याच्यावर केवढ्यांदा खेकसलो. आज आठवलं की माझीच मला शरम वाटते. बाई उठल्या, काठी घेतली, चपला घातल्या आणि हिलालला म्हणाल्या, "दाखव."

त्या चढावर मी त्यांना दोनदा म्हणालो, परत फिरू या. त्यांनी ऐकलंच नाही. बोराटीपाशी आल्यावर त्या थांबल्या. मी त्यांच्या मागे होतो, म्हणून चेहरा दिसला नाही. पाठ दिसत होती, आणि ती पाठ अजिबात हलली नाही. मग त्यांनी हात पुढे करून एक दोरा चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेला, गाठ बघितली.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या पाखराची गाठ बघितली. तिसऱ्याची. जणू एखादी तरी गाठ दुसऱ्या कोणाची निघेल. काट्यांनी त्यांच्या मनगटावर ओरखडे उठले. हिलालने हात धरून त्यांना मागे आणलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मागच्या आठवड्यातली कुठली?" हिलालने बोट दाखवलं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. रडल्याही नाहीत, त्या रडल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं.

शनिवारी रुपचंद आला. बाई पायरीवरच बसल्या होत्या. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की आज ह्याला चांगला फैलावर घ्यायचा. रागाला कुठेतरी जागा हवी होती. बाईंनी मला हाताने गप्प केलं.

"रुपचंद, खरं सांग. मी काही करणार नाही. माझा दोरा बांधलेला पक्षी तुझ्या जाळ्यात कधी आला?"

तो चपापला. मला वाटलं आता पोराबाळांच्या शपथा घालेल. पण बाईंचा चेहरा बघून तो शपथ विसरला असावा.

"ऊनात ना बाई," तो खाली बघत, आल्याचं कबूल करत म्हणाला. "दर खेपले चार-पाच येतस."

"मग?"

"दोरा कापी टाकस. नही ते तुम्ही लेतात का?"

"आणि मग मला परत विकतोस."

"हा."

मी त्याच्या अंगावर धावलोच. अर्पितने मला मागून धरलं. पण बाईंचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. त्या काहीतरी मनात जुळवत होत्या, आणि ते जुळलं तेव्हा मलाही कळलं, आणि माझे हात खाली पडले. ज्या पाखरांना हा लबाड माणूस पुन्हा जाळ्यात धरायचा तेवढ्यांचेच दोरे कापले जात होते. तीन वर्षांत फसवणूक झाली ती वाचली. खरोखर सुटली ती बोराटीत होती.

राजकुंवरबाईंनी रुपचंदला दोन्ही हात जोडले. खाली वाकून जोडले. "तू मला फसवलंस म्हणून तेवढे तरी राहिले," त्या म्हणाल्या. रुपचंद घाबरून मागे सरकला. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. तो खोके तिथेच टाकून मोटरसायकल सुरू करायला लागला, तर बाईंनी त्याला पुन्हा यायला बजावलं.

रविवारी मंडप भरला. अर्पित रात्रभर जागून त्यांची समजूत घालत होता, कार्यक्रम होऊ दे, नंतर बघू. त्या माइकपाशी गेल्या तेव्हा तो बाजूला मान खाली घालून उभा राहिला. बाई भाषण करणाऱ्यातल्या नाहीत. त्या एवढंच बोलल्या, "तुम्ही विश्वासाने इथे पक्षी सोडले. ते पक्षी मी मारले. दोरा माझा, गाठ माझी, तुमचा काही दोष नाही." आणि काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. मग मागून एक मध्यमवयीन बाई उठल्या. "मी माझ्या आईच्या नावाने सोडला होता. गेल्या दिवाळीत. तो पण असेल?"

कोणीही म्हणालं असतं, नाही हो, तुमचा सुटला असेल.

"माहीत नाही," राजकुंवरबाई म्हणाल्या. "असेल."

ती एकशे आठ पाखरं आम्ही बिनदोऱ्याची, बिनटाळ्यांची सोडली. सोहळा त्या दिवसापासून बंद झाला. हॉटेलं चालवणारी माणसं अर्पितला वेड्यात काढतात. तोही काही दिवस आजीशी धड बोलत नव्हता. मग एका सकाळी तो स्वतःच कोयता घेऊन हिलालबरोबर बोराटीत शिरला आणि दुपारी हात रक्ताळून परत आला.

बाईंचं काम तेव्हा सुरू झालं होतं. अजून दोरा पायात घेऊन उडणारी पाखरं रानात असणार, ती धरायची आणि सोडवायची. पाखरं धरणं एकालाच येत होतं. बाईंनी स्वतः वनखात्यात खेटे घालून लेखी परवानगी मिळवली, आणि ज्याच्यावर त्यांनी तीन वर्षं पाळत ठेवली त्या रुपचंदला रोजावर ठेवलं. आता तो उताराला जाळं लावतो, हिलाल शेजारी बसतो. बिनदोऱ्याची पाखरं जागच्या जागी सोडायची, दोऱ्याची कापडी पिशवीतून बाईंकडे आणायची. पाहुणे विचारतात ही आजी पायरीवर कात्री घेऊन का बसते. मी सांगतो. पूर्वी लपवलं असतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. दिवस कलला होता, पुष्पाबाई दोनदा जेवायला बोलावून गेली, अंधार पडला की बाई जेवायच्या नाहीत म्हणून तिची घालमेल. त्या दिवशी पिशवीत दोन पाखरं आली. पहिल्याच्या पायात दोरा मांसात रुतला होता. पाय काळा पडून सुजलेला, गाठ दिसतसुद्धा नव्हती. बाईंनी कात्रीचं टोक चार वेळा लावून पाहिलं. मी हात पुढे केला, पण त्या कात्री मला देईनात. शेवटी दोरा कापला गेला आणि दोऱ्याबरोबर पायही गळून त्यांच्या मांडीवर पडला. पाखराने आवाजसुद्धा केला नाही. बाईंनी त्याला तळहातावर धरलं. ते एका पायावर उभं राहायला बघत होतं आणि कलंडत होतं.

"अभिमनभाऊ," त्या म्हणाल्या, "हा जगेल का?"

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी माझ्या ओठांवर आलंच होतं.

"नाही, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पाखरू हळूच हिलालच्या ओंजळीत दिलं, कात्री पदराला पुसली, आणि पिशवी धरून उभ्या असलेल्या रुपचंदला म्हणाल्या, "दुसरा दे."